कमरेची झेंडी



कबड्डीतली पकड तुम्हांला समजावून सांगायला नको. एकाने घोटा धरायचा, दुसऱ्याने कंबर, आणि सगळ्यांनी मिळून चढाई करणाऱ्याला खाली आणायचे. आमच्या गडचांदूरच्या मैदानावर अशाच एका पकडीत आठवीतल्या एका मुलाचे मनगट मोडले. जमीन मुरमाची, टणक. मी त्या दिवशी खेळ थांबवायला हवा होता, थांबवला नाही. प्लास्टर निघाल्यावरही तो कडेला बसून राही. "खेळतोस का?" म्हटले, की "नको सर," म्हणे.

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी पाच खेळ मंजूर झाले. आपण सर्वांनी क्रिकेटची बातमी वाचली. त्याच यादीत फ्लॅग फुटबॉल होता. त्याचे नियम मी या मुलासाठी शोधून वाचले.

नावात फुटबॉल असले, तरी हा चेंडू हातात घेऊन पळायचा किंवा साथीदाराकडे फेकायचा असतो. याचा थोरला भाऊ म्हणजे अमेरिकेतला टॅकल फुटबॉल. त्यात एका संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या. चेंडूवाल्याला पकडून किंवा धडक देऊन जमिनीवर पाडायचे, हेच टॅकल. आपली पकडच, पण धावत येऊन केलेली! खेळताना मुले दगावू लागली, तेव्हा १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले आणि १९०६ मध्ये नियम बदलले.

फ्लॅग फुटबॉलमध्ये ऑलिम्पिकच्या नियमाने ५ खेळाडू असतात. प्रत्येकाच्या कमरपट्ट्याला दोन्ही बाजूंना एकेक झेंडी. (तुम्ही तिला झंडी म्हणाल.) चेंडूवाल्याची झेंडी ओढली, की तो प्रयत्न तिथेच संपतो. खो-खोत नुसता हात लागला तरी गडी बाद होतो, तसेच काहीसे. टॅकलमध्ये चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचे असते. येथे चार प्रयत्नांत मैदानाचा मध्य गाठायचा, मग आणखी चारांत शेवटची रेषा. रेषा ओलांडली, की दोन्ही खेळांत ६ गुण. पाडणे, ढकलणे, अंगाने अडवणे येथे बंद.

आणखी एक नियम आहे. टॅकलमध्ये चेंडूवाला मोकळ्या हाताने समोरच्याला दूर लोटू शकतो. येथे त्याने स्वतःची झेंडीसुद्धा हाताने झाकायची नाही.

आम्ही जुन्या ओढण्यांच्या पट्ट्या फाडल्या. लांबट चेंडू कुठून आणणार? लहान फुटबॉलवर भागवले. (कबड्डी बंद केली नाही, ती आता वाळू टाकलेल्या कोपऱ्यात होते.) मुलीही खेळायला आल्या. चौथ्या दिवशी तो मुलगा उठला. चेंडू मिळताच पळाला, पण एक हात झेंडीवर घट्ट दाबून. मी शिट्टी वाजवली.

"सर, मी कुणाला हातही लावला नाही!"

"स्वतःच्या झेंडीला लावलास."

त्याने हाताकडे पाहिले. तोच मोडलेला हात होता. पुढच्या वेळी त्याने तो बाजूला ठेवला. पाच-सहा पावलांतच सातवीतल्या एका मुलीने त्याची झेंडी ओढली आणि उंच धरली. तो मात्र उभाच होता. तिच्या हातातून झेंडी घेऊन त्याने पुन्हा कमरेला खोचली.