चुली वेगळ्या, गणपती एक

आजोबांच्या पिढीत आमच्या घरात वाटण्या झाल्या. माड मोजून वाटले, काजूचा डोंगर हद्दीचे दगड पुरून वाटला, विहिरीवर पाळ्या लागल्या आणि माजघरात मातीची एक भिंत उभी राहिली. गणपती तेवढा वाटला नाही. तो आजही एकच येतो आणि थोरल्या घरातच बसतो. सिंधुदुर्गातल्या कितीतरी वाड्यांमधून हीच रीत आहे. बांधावरून भावाभावांचं बोलणं बंद असतं, तारखेला दोघं एकाच एसटीने तालुक्याच्या कोर्टात जातात, पण चतुर्थीला दोघांचा निवद एकाच मूर्तीपुढे लागतो.

या जमण्याबद्दल आपल्याकडे बहुधा गहिवरूनच लिहिलं जातं. मातीची ओढ, आजीच्या हातचे मोदक, वगैरे. ती ओढ खोटी नाही. पण दरवर्षी इतक्या माणसांना भर पावसात गावी खेचून नेण्याएवढी ताकद नुसत्या मायेत असते, असं मला वाटत नाही. खेचून नेते ती जबाबदारीची वाटणी. यंदा मूर्ती आणायचं काम कोणाकडे, भटजी कोण सांगणार, भजनी मंडळींची उसळ कोणाच्या चुलीवर शिजणार, हे ठरलेलं असतं; न येणाऱ्याचं नाव मग वर्षभर निघतं. माया असलीच तर ती या कामांच्या मागून येते.

मुंबईत गिरण्या होत्या तेव्हा लालबाग-परळच्या खोल्यांतून माणसं शिमग्याला आणि चतुर्थीला गावी यायची. 1982 च्या संपाने गिरण्यांचा भोंगा थांबवला, चाकरमानी मात्र थांबला नाही. तो डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याला गेला आणि तिथून येऊ लागला. 1998 साली कोकण रेल्वेचा सगळा मार्ग खुला झाला, तेव्हा आता हाल संपले असं वाटलं होतं. आता तिकिटांसाठी हाल होतात. पूर्वी आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं. खिडकी उघडल्यावर काही मिनिटांत प्रतीक्षा यादी लागते, यात फरक पडलेला नाही. महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून सुरू आहे. त्यावर मी जागा खर्च करणार नाही.

पोचल्यावर स्वागत कसं होतं? गावी राहिलेले आमचे काका ओटीवरूनच म्हणतात, "इलास? बरा झाला. आधी तो पंप बघ, बंद पडलो हा." बॅग खाली ठेवायच्या आत माणूस कामाला जुंपला जातो. मला हे फार आवडतं. पाहुण्याला पंप बघायला कोणी सांगत नाही.

आदल्या दिवशी माटवी बांधायची असते. मूर्तीच्या डोक्यावर छताला टांगलेली ती लाकडी चौकट. तिला आंब्याचे टाळ लागतात, नारळ लागतात, सुपारीचं शिपटं, तवसं, पांढऱ्या पानांचं शेरवड, तेरडा, आणि रानातून शोधून आणलेली कवंडळं. बाजारात आता सगळं मिळतं, तरी एक वाटा रानातूनच आणायचा, हा काकांचा हट्ट. पोरं गुडघाभर चिखल करून येतात आणि निम्म्या वेली भलत्याच आणतात. बांधायला दोघं लागतात, एक शिडीवर, एक खाली. आमच्याकडे शिडीवर काका असतात आणि खाली त्यांचे चुलतभाऊ, ज्यांच्याशी पाणंदीवरून दावा चालू आहे. एकजण "धर" म्हणतो, दुसरा थोड्या वेळाने "सोड" म्हणतो. दोघांचं वर्षभराचं बोलणं एवढंच. पण नारळ वरून निसटला, तर तो खालच्याच्या डोक्यावर पडू नये म्हणून वरचा ज्या घाईने हात घालतो, ते बघण्यासारखं असतं.

मूर्तीची तयारी त्याच्याही आधीची. नागपंचमीच्या सुमारास घरचा पाट गणपतीच्या शाळेत जातो, त्याच पाटावर मूर्ती घडते आणि चतुर्थीला डोक्यावरून घरी येते. पाट पोचवायचा श्रावणात. तेव्हा आम्ही कोणीच गावी नसतो.

स्वयंपाकघराबद्दल मात्र गोड लिहिणं मला जमणार नाही. उकड काढायची, नारळ खवायचे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, ऋषिपंचमीला कंदमुळांची भाजी, रात्री भजनाला येणाऱ्यांसाठी पुन्हा चहा आणि उसळ. पुरुषांच्या आणि पोरांच्या पंगती उठेपर्यंत चार वाजतात, आणि मग बायका पानावर बसतात, तेव्हा मोदक फुटके उरलेले असतात. बाहेर आम्ही आरत्यांवर आरत्या लांबवत असतो, झांजा वाजवणाऱ्याला उत्साह फार. गेल्या काही वर्षांत सुना नोकरीतून रजा काढून येतात आणि ऑफिसपेक्षा जास्त राबून परत जातात. त्यातल्या एकीने पहिली पंगत बायकांची बसवावी असं सुचवलं, तर म्हातारे गप्प झाले. नाही मात्र कोणी म्हणालं नाही. पुढच्या वर्षी तसं झालं आणि काही आभाळ कोसळलं नाही. वाढताना पुरुषांनी मीठ विसरलं, इतकंच.

हिशेबाची एक लांबट वही आहे. तिच्या जुन्या पानांवर गॅसबत्तीची मेंटलं, रॉकेल, वाती असे खर्च आहेत. नव्या पानांवर लाइटच्या माळा आणि स्पीकरचं भाडं. दर चुलीची वर्गणी समोर लिहिलेली असते. विसर्जनानंतर ओटीवर वही उघडते, आकडा वाचला जातो, आणि ज्याने सगळ्यात कमी कामं केली तो सगळ्यात जास्त प्रश्न विचारतो. हा नियम आमच्याच घरापुरता नसावा.

त्या वहीत नसलेला एक खर्च आहे, आणि तो मला 2020 साली नीट दिसला. चतुर्थी 22 ऑगस्टला होती. मुंबईहून येणाऱ्याला दहा दिवस विलगीकरण होतं, त्यामुळे आमच्यातले बहुतेक निघालेच नाहीत. काका-काकी आणि ते दावा लावलेले चुलतभाऊ, एवढ्यांनी माटवी बांधली, मूर्ती आणली, निवद दाखवला, गाऱ्हाणं घातलं. "व्हय म्हाराजा" म्हणायला दोन-तीनच आवाज होते. आम्ही मोबाइलवर बघत होतो. गणपतीचं काही अडलं नाही. अडलं असतं ते काका नसते तर. पावसाळ्याआधी कौलं परतणं, वाळवीवर औषध मारणं, शेणाने सारवलेली जमीन जपणं, दिवा लावणं, हे उरलेलं वर्षभर कोणीतरी करतं म्हणून आपल्याला यायला घर असतं. त्या कामाची वर्गणी कधीच ठरत नाही. उलट "गावी काय खर्च असतो?" असं आपणच म्हणतो.

तिसऱ्या दिवसाच्या आसपास गौर येते आणि तिच्याबरोबर माहेरवाशिणी. नव्या सुनेचा ओवसा असेल तर सुपं भरली जातात, रात्री फुगड्यांनी जमीन हादरते, आत्या आपली साठी विसरून खेळतात. घराला खरी जाग या रात्री येते. पण अलीकडे याच दिवसांत एक कागदही बाहेर निघतो. महाराष्ट्राने 1994 साली आणि देशाने 2005 साली एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. सातबाऱ्यावर बहिणींची नावं चढू लागली. महामार्गाने आणि पर्यटनाने जमिनीला भाव आला. आणि सगळ्या बहिणी एका वेळी सापडतात त्या गौरीलाच, म्हणून कार्यालय उघडं असेल तो दिवस बघून हक्कसोडपत्रासाठी गाडी ठरवली जाते. "तुला कशाला हवे गं ते दोन गुंठे? माहेर आहेच की!" असं म्हणत, हातातलं हळदीकुंकू वाळायच्या आत सही. नात्यातल्या एका घरी हे झालं. त्या बहिणी पुढच्या गौरीला आल्या नाहीत. त्यांच्या भावाला अजून वाटतं की त्यांना रजा मिळत नाही.

बहिणींनी हक्क सोडावा की ठेवावा, हा त्यांचा प्रश्न. पण ज्या चार दिवसांत दावेदार भाऊसुद्धा एकमेकांना दोर देतात, त्या दिवसांत तो कागद काढू नये एवढं तरी पाळता येईल. तेव्हा यंदा गावी जाणार असाल तर दोन गोष्टी करा. वर्गणी देताना वहीत कौलांचा आणि वाळवीच्या औषधाचाही रकाना पाडा, आणि मागच्या सगळ्या वर्षांचा आपला वाटा गावच्या काकाच्या हातात ठेवा. आणि बहिणीची सही हवीच असेल, तर गौरी-गणपती झाल्यावर तिच्या घरी जा, तिच्या नवऱ्यामुलांसमोर मागा, आणि ती नाही म्हणाली तर चहा पिऊन परत या.