शिक्षेबाबत काही सांगायचंय?

तालुका विधी सेवा समितीतर्फे कॉलेजांत बोलायला जाते, तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, जन्मठेप म्हणजे चौदाच वर्षं ना? जेलमध्ये दिवस-रात्र वेगळे मोजतात म्हणे!" प्राध्यापकही कान टवकारतात. तसं कुणी मोजत नाही. गांधीहत्येच्या खटल्यातले जन्मठेपेचे कैदी गोपाळ गोडसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच सांगितलं, की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, सरकारने सूट दिली तरच सुटका. चौदाचा आकडा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 1978 च्या दुरुस्तीतला. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला चौदा वर्षांआधी सरकारला सोडता येत नाही. राष्ट्रपती-राज्यपालांचा माफीचा अधिकार वेगळा. पण चौदा भरली म्हणून दार आपोआप उघडत नाही.

मग फळ्यावर एक काल्पनिक खटला लिहिते आणि वर्गातूनच दोन्ही बाजूंचे 'वकील' नेमते. आठवडी बाजारात भाजीवालीच्या गोणपाटावरून पोराने तीन हजारांचा मोबाइल उचलला. पहिलाच गुन्हा, मोबाइल परत मिळाला. वर्गातून लगेच आवाज, "तीन वर्षं आत टाका!" पहिल्या चोरीला कायद्यातली कमाल शिक्षा एरवी तेवढीच, हे त्यांना ठाऊक नसतं, अंदाज मात्र बरोबर.

पण शिक्षा ठरवण्याआधी, दोष सिद्ध झाल्यावर, शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं, हे फारच थोड्यांना माहीत असतं. कोर्टात न्यायाधीश विचारतात, "शिक्षेबाबत काही सांगायचंय?" आरोपी आधी वकिलाकडे बघतो, मग पुटपुटतो, "साहेब, घरात कमावणारा मी एकटाच." कित्येकदा तेवढ्यावरच भागवतात. वय, शिक्षण, आधीचं वागणं यांचा एकही कागद दाखल नसतो. आम्ही वकील इथे फार कमी पडतो, हे माझं स्पष्ट मत.

आता फळ्यावरच्या खटल्याकडे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांच्या आतली, पहिलीच चोरी असेल आणि वस्तू किंवा किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. एकदा हे सांगितल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "माझी आई भाजी विकते. तीन हजार साठवायला तिला किती दिवस लागतात ठाऊक आहे? फुकट झाडू मारून भागलं?" दोन्ही बाजूंचे 'वकील' गप्प. माझ्याकडेही तिला गप्प करेल असं उत्तर नव्हतं. तिलाच न्यायाधीश केलं. तिने सेवाच दिली, पण त्याच बाजारात, रोज पहाटे.

फौजदारी खटले, काही नाजूक प्रकरणं सोडली तर, खुल्या न्यायालयात चालतात. शिक्षकांनो, शिक्षेच्या युक्तिवादाच्या दिवशी मुलांना घेऊन या. मोबाइल तेवढे बंद ठेवायला सांगा.