चकली

२०१० साली, दिवाळीच्या आठवडाभर आधी चकली आमच्या घरी आली. घरभर तळणीचा वास होता. पिशवीतून बाहेर काढलेल्या त्या मूठभर पिल्लाची शेपटी पाठीवर दीड वेढा मारून बसली होती. दहा वर्षांच्या मुक्ताने एकदा कागदावर पाडलेल्या चकल्यांकडे पाहिलं, एकदा पिल्लाकडे, आणि नाव ठरलं. गल्लीतल्या पोरांना मात्र ते कधी पटलं नाही. त्यांच्यासाठी ती शेवटपर्यंत ‘हचचा कुत्रा’च राहिली, ती कुत्री आहे हेही त्यांनी कधी मान्य केलं नाही. २००३ साली हच या मोबाईल कंपनीच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत एका मुलामागे मुकाट चालणारा पग आला आणि देशभरच्या पोरांना ही जात पाठ झाली. पुढे कंपनीचं नाव बदललं, कुत्र्याचं बदललं नाही.

विकणाऱ्याच्या घरी आम्ही तिची आईही पाहिली होती. मागच्या खोलीत पोत्यावर पडलेली, पोटावर सिझेरियनचे टाके. तिचा श्वास आधी ऐकू आला, मग ती दिसली. मी विचारलं, ‘‘आजारी आहे का ही?’’ तो हसून म्हणाला, ‘‘नाही काका, या जातीचं असंच असतं.’’ दहा हजार रुपयांत पिल्लाबरोबर हे वाक्यही आमच्या घरी आलं. पिल्लू त्याने पस्तिसाव्या दिवशीच आईपासून तोडलं होतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, हा नियम आपल्याकडे २०१७ मध्ये आला. तेव्हा तो असता तरी आम्ही विचारलं असतं का, याची मला शंकाच आहे. आम्हाला दिवाळीआधी पिल्लू हवं होतं.

चकलीचं कौतुक करायला कारण लागत नसे. ती बसल्या बसल्या झोपायची. मान हळूहळू कलायची, मग एक झटका, की पुन्हा वर. पुढे तिने स्वतःच युक्ती काढली. देवघरासमोरच्या पाटावर हनुवटी टेकवायची आणि मान उंच ठेवून झोपायचं. पाहुणे म्हणत, बघा, बाईसाहेबांना उशी लागते! घोरणं तर असं, की रात्री बायको मला हलवून कुशीवर वळायला सांगायची आणि मी टक्क जागा असायचो. चार पावलं धावली की तोंड उघडून, जीभ बाहेर काढून ती ‘हसायची’. डोळे टपोरे, बाहेर आलेले. हिचे डोळे बोलतात, असं सगळे म्हणत.

फक्त आमचे दूधवाले हसले नाहीत. त्यांच्या गोठ्यात बारा म्हशी. पहिल्याच दिवशी कॅन खाली ठेवून ते उकिडवे बसले आणि चकलीच्या कुशीकडे बराच वेळ बघत राहिले. ‘‘साहेब, इले दम लागते जी. बसल्या जागी लागते. जनावर घेतानी आंधी त्याची कूस पाहा लागते.’’

मी म्हणालो, ‘‘या जातीचं असंच असतं.’’

नाकावरच्या ज्या जाड घडीवर मुक्ताचा जीव होता, ती साफ करायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी चहा झाला की तिला मांडीवर घ्यायचं, अंगठ्याने घडी वर उचलायची, आत कोमट पाण्याचा कापूस फिरवायचा, मग कोरडा. एक दिवस राहिला की आत लालसर, ओलं, आंबूस वासाचं काही साचलेलं असे. चकली मान मागे घ्यायची, पण गुरगुरली कधी नाही. झालं, असं म्हटलं की एक मोठी शिंक माझ्या चष्म्यावर.

दुसऱ्या वर्षी तुळशीच्या वाळक्या काडीने तिचा डावा डोळा फाडला. बाकीच्या कुत्र्यांचं नाक पुढे असतं. काटा, काडी, भिंत, जे काय असेल ते आधी नाकाला भेटतं. हिचा डोळाच आधी पोचायचा. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याची खोबण उथळ असल्यामुळे बुबुळ उघड्यावर राहतं आणि पापण्याही धड मिटत नाहीत. महिनाभर दर दोन तासांनी थेंब घातले. जखम भरली, पण त्या डोळ्यावर एक काळसर सारा कायमचा चढला. बोलका डोळा तो एवढंच बोलला.

त्याच वेळी डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून मला आत बघायला लावलं. ‘‘टू बीएचकेतलं सामान वन आरकेत भरल्यावर काय होईल? तेच झालंय. कवटीचं हाड आखूड करत नेलं, आतलं मांस तेवढंच राहिलं. टाळूमागचा मऊ पडदा लांब पडतो आणि श्वासाच्या वाटेत लोंबतो. नाकपुड्या बघा, नुसत्या चिरा आहेत. आणि दात? लांब तोंडाच्या कुत्र्याला बेचाळीस, हिलाही बेचाळीस उगवायचे असतात. बसणार कुठे? म्हणून हे आडवेतिडवे.’’ मग त्यांनी ऑपरेशनचं सुचवलं. मी तेच वाक्य म्हणालो. डॉक्टर म्हणाले, ‘‘असंच असतं, खरं आहे. पण म्हणून ते ठीक असतं असं कोण म्हणालं?’’

ते कळायला मला २०१४ चा नवतपा यावा लागला. नागपूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. दुपारी दोनला डीपी उडाला, कूलर थांबला. आम्ही पंचे ओले करून मानेवर टाकले आणि बसून राहिलो. फाटकाबाहेर गल्लीतला भुऱ्या लिंबाखाली खड्डा उकरून पोट मातीला लावून पडला होता. लांब नाक, लांब जीभ, धापा टाकतोय पण बेतात. घरात चकली उभी होती. बसत नव्हती, पाटाकडेही जात नव्हती. पुढचे पाय फाकवलेले, मान ताणलेली, आणि घशातून करवतीसारखा आवाज. तोंडातून लाळेच्या जाड तारा. मग मुक्ता ओरडली, ‘‘बाबा, जीभ जांभळी झाली!’’

नळाच्या पाण्याने पोट, मांड्या, पंजे भिजवले, गाडीचा एसी लावला आणि दवाखान्यात नेलं. ती वाचली. सलाइन लागलेलं असताना डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते आमच्याकडच्या माणसाला चटकन समजेल असं होतं. कुत्र्याला घाम येतो तो पंजांना, तोही नावापुरता. त्याचं नाक हाच त्याचा कूलर. आत नागमोडी हाडांवर ओले पडदे असतात, म्हणजे वाळ्याच्या ताट्याच. त्यांच्यावरून हवा गेली की अंग निवतं. हिच्या कूलरमध्ये ताट्यांना जागाच ठेवलेली नाही. मग ती जोरजोरात धापा टाकते, त्या कष्टानेच अंग आणखी तापतं, घसा सुजतो आणि उरलीसुरली वाटही बंद होते. हसणं म्हणजे हे होतं.

पाऊस पडल्यावर ऑपरेशन केलं. नाकपुड्या रुंद केल्या, टाळूचा पडदा कापून आखूड केला. अशा कुत्र्यांना भूल देणंही जोखमीचं. नळी काढल्यावर घसा मिटला तर पंचाईत. त्यामुळे पूर्ण जागी होईपर्यंत डॉक्टर स्वतः तिच्याजवळ बसून होते. घरी आल्यावर घोरणं गेलं नाही, पण उतरलं. आणि एक नवीन गोष्ट दिसली. चकली फाटकापाशी उभी राहून हवेला नाक लावायची. चार वर्षं तिच्या नाकाला श्वास ओढण्यापलीकडे सवड नव्हती. आता ती वास घेऊ लागली. दूधवाल्यांची सायकल कोपऱ्यावर असतानाच शेपटीचा वेढा हलायचा.

मुक्ता पुढे चित्रकला शिकायला मुंबईला गेली. एका सुट्टीत तिने मोबाईलवर एक चित्र दाखवलं. विल्यम हॉगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ मध्ये स्वतःचं चित्र काढलं, त्यात आपला पगही बसवला. कुत्र्याचं नाव ट्रम्प, त्यावर हसून झालं. मग आम्ही नीट पाहिलं. त्या पगला चक्क नाक होतं. मुस्कट पुढे आलेलं, पाय उंच. चकलीला शेजारी उभं केलं असतं तर चुलत भावंडंही वाटली नसती. लंडनमध्ये १८७३ साली केनेल क्लब निघाला, कुत्र्यांच्या प्रदर्शनांना नियम आले, जातींची वंशावळ लिहिली जाऊ लागली. जो जास्त चपटा तो जास्त देखणा ठरत गेला आणि लोक त्याचीच पिल्लं मागू लागले. कुणी एकाने ठरवून हे केलं नाही. प्रत्येकाने थोडंसंच केलं, आमच्यासारखं, एकेक पिल्लू पसंत करून.

चीनमधून ही जात युरोपात गेली आणि हॉलंडात फार लाडकी झाली. शत्रू रात्री छावणीवर चालून आला तेव्हा ऑरेंजच्या विल्यमला त्याच्या पगने जागं करून वाचवलं, अशी आख्यायिका तिथे सांगतात. त्याच देशाने २०१९ मध्ये नियम कडक केले: मुस्कट कवटीच्या निदान एक तृतीयांश लांबीचं नसेल, तर त्या कुत्र्याची पैदास करायची नाही. मुक्ताने हे सांगितल्यावर मी शिवणाच्या डब्यातली टेप आणली. चकलीचं मुस्कट मोजायला टेप कुठून धरायची तेच कळेना. बोटाच्या पेराएवढंही भरलं नाही. टेप तिने चाटली.

नवव्या वर्षी तिचे मागचे पाय घासू लागले. फरशीवर नखांचा सर्र आवाज आला की चकली येतेय असं कळायचं. एक्स-रे दिव्यासमोर धरून डॉक्टरांनी पाठीतला एक मणका दाखवला. बाकीचे चौकोनी, हा पाचरीसारखा, एका बाजूला निमुळता. तिथे कणा वाकला होता आणि मज्जारज्जू दबत होता. मी बोटाने कणा पुढे पुढे मोजत गेलो. फिल्मच्या टोकाला शेपटीचे मणके वेटोळं घालून बसले होते, तेही वाकडेच. त्या वाकडेपणाला आम्ही नाव दिलं होतं.

मार्च २०२१ मध्ये, ऊन पुरतं तापायच्या आधी चकली गेली. पाटावर हनुवटी टेकवूनच. दूधवाले त्या दिवशी फाटकापाशी थांबले, ‘‘सुटली जी,’’ एवढंच म्हणाले, आणि माप ओतून गेले.

नंतर कित्येक रात्री आम्हाला दोघांनाही झोप लागेना. घर फार गप्प झालं होतं. बायको म्हणाली, मुक्ताने तिचं घोरणं रेकॉर्ड केलेलं होतं ना, ते लाव. चकली तीन वर्षांची असतानाचं, ऑपरेशनच्या आधीचं रेकॉर्डिंग. तेवीस सेकंदांचं. दर दिवाळीला पाहुण्यांसमोर वाजायचं आणि सगळे त्याच जागी हसायचे. आधी घर्रघर्र, मग एकदम शांतता, आणि मग फुर्र करून मोठा आवाज. त्या फुर्रवर आमच्या सगळ्यांच्या हसण्याचा आवाजही त्यात आहे.

आम्ही अंधारात ते लावलं. शांततेची जागा आली. पूर्वी ती कधी मोजली नव्हती. एक, दोन, तीन, चार. चार सेकंद तिचा श्वास बंद आहे. बायकोने माझा हात धरला, आणि पुढचं हसू यायच्या आत मी ते थांबवलं.