माळ माझ्या गळ्यात, मांजरीच्या नव्हे



भूतदयेवर आपण वारकरी पुष्कळ बोलतो. मीही चाळीस वर्षं नारदांच्या गादीवर उभा राहून बोललो. पण या दयेची एक बाजू अशी आहे, की घरात मुका जीव आजारी पडल्याशिवाय ती ध्यानात येत नाही. त्या बाजूविषयी चार शब्द लिहितो.

महिपतीबोवा ताहराबादकरांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त राका कुंभाराची कथा आहे. कीर्तनात ती आपण ऐकली असेल. पंढरीच्या राकाने कच्ची मडकी रचून आवा पेटवला. एका मडक्यात मांजरीची पिल्लं होती, हे त्याला ठाऊक नव्हतं. मांजर आव्याभोवती ओरडत फिरू लागली, तेव्हा त्याला उमगलं. त्याने पांडुरंगाला हाक मारली. आवा निवल्यावर पिल्लं जिवंत निघाली आणि राकाने आपला संसार लुटवून टाकला. ही कथा सांगताना आपला भर चमत्कारावर असतो. पण चमत्काराच्या आधी एक गोष्ट घडली. मांजर काय म्हणते आहे, ते कुंभाराला कळलं. हाक त्याने नंतर मारली, आधी ऐकलं.

२०२५च्या जानेवारीत बुटीबोरीला आमच्या दारात एक काळंभोर पिल्लू आलं. काळं मांजर म्हणून शेजारच्यांनी नाक मुरडलं. नात म्हणाली, “आजोबा, हे तर तुमच्या कपाळावरच्या बुक्क्यासारखं!” तेच नाव पडलं, बुक्की. आठ दिवस झाले नाहीत तोच तिला उलट्या आणि दुर्गंधीचे जुलाब सुरू झाले. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायची, पण पाणी प्यायची नाही. नागपूर तीसेक किलोमीटर. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात तिला टोपलीत घालून नेलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी फार घटल्या होत्या. कुत्र्यांना होणाऱ्या पार्व्होचा हा मांजरांतला भाऊ. विषाणू आतड्यांवर आणि हाडांच्या मगजावर घाव घालतो. त्याला मारणारं हमखास औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारं औषध, दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविक आणि ऊब, एवढंच माणसाच्या हाती. माणसांना हा रोग होत नाही, हे ऐकून सुनबाईंचा जीव भांड्यात पडला.

मग घरची सेवा सुरू झाली. मानेमागच्या कातडीखाली सलाईन कसं द्यायचं, ते सुनबाई शिकल्या. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून बुक्कीच्या कुशीला ठेवायची, हे माझं काम. हा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही. फिनाईल मांजराला विषारी. म्हणून एक भाग ब्लीच बत्तीस भाग पाण्यात मिसळून फरशी पुसायची, दहा मिनिटं ओली ठेवायची, मग स्वच्छ धुऊन वाळू द्यायची आणि तोवर तिला तिथे सोडायचं नाही. ताप वाटला तरी आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी द्यायची नाही, त्या एका गोळीने मांजर दगावू शकतं. हरिपाठ आम्ही पलीकडच्या खोलीत टाळांविना म्हणू लागलो. तिला अंधार आणि शांतता हवी होती.

चौथ्या दिवशी उलट्या थांबल्या. डॉक्टर म्हणाले, “आता थोडंथोडं मांसाहारी खाणं द्या.” घरात सगळे माळकरी! मी विचारलं, दूधभात चालणार नाही का? ते म्हणाले, दुधाने जुलाब वाढतील. आणि मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते मांसातूनच मिळतं. ते मिळालं नाही तर पुढे दृष्टी जाते, हृदय दुबळं होतं. कच्चं चिकन मात्र देऊ नका, असंही त्यांनी बजावलं. नुकतेच डिसेंबर २०२४मध्ये नागपूरच्याच गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले होते.

मी मांजरांच्या खाण्याचा तयार डबा आणला. वाटी वेगळी ठेवली, जागा अंगणातल्या पडवीत केली. बिनसुईच्या सिरिंजने पहिला घास मीच भरवला. हाताला कंप सुटला होता, हे लपवत नाही. एक जुने टाळकरी म्हणाले, “महाराज, गळ्यात तुळशीची माळ आणि हातात हे?” मी म्हणालो, “माळ मी घातली आहे, हिने नाही. माझा नेम माझ्या जिभेला. हिची जीभ पांडुरंगाने वेगळी घडवली, त्याचा जाब मी हिला कसा विचारू?” ते काही बोलले नाहीत. त्यांना पटलं असेलच असं नाही.

माउली, ज्यांच्या मनाला हे मानवत नाही, त्यांनी मांजर पाळू नये, यात काही उणेपणा नाही. पण पाळायचं आणि आपल्या सोवळ्यासाठी त्याला उपाशी ठेवायचं, ही दया नव्हे. आपल्याला बरं वाटावं म्हणून केलं ते आपल्यासाठी झालं. समोरच्या जिवाचा धर्म ओळखून, त्याला सोसेल तेच द्यायचं, ही दया. आजारी माणसाच्या उशाशीही हेच लागू आहे.

बुक्की वाचली. सगळी वाचत नाहीत. लहान पिल्लं तर फार जातात. म्हणून आपल्या दारी पिल्लू आलं, तर सहा ते आठ आठवड्यांचं होताच पहिली लस द्या आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांचं होईपर्यंत पुढच्या लसी चुकवू नका. पांडुरंगाला हाक जरूर मारा, पण टोपली उचलून दवाखान्याची वाटही धरा. राकाच्या काळी लस नव्हती. आपल्या काळी आहे, तीही त्याचीच कृपा.

रामकृष्णहरी.