शिकलेला खेळाडू

आमच्या वाशिम जिल्ह्यात, ज्या भूमीवर वाकाटकांची वत्सगुल्म राजधानी नांदली आणि १९९८ साली अकोल्यापासून अलग होऊन ज्याचे स्वतंत्र दप्तर उभे राहिले त्या या मुलखात, मुलगा सायंकाळी चेंडू घेऊन बाहेर पडला की वडीलधारी मंडळी आजही विचारतात, ‘खेळून कुणाचे पोट भरले आहे का?’ या प्रश्नामागे कोरडवाहू शेतीची धास्ती आहे हे मी जाणतो, म्हणून त्याचा राग मला येत नाही. मात्र खेळ आणि विद्या यांना सवती मानण्याचा जो शिरस्ता त्यातून पडला, तो मला मनापासून अमान्य आहे.

डॉ. तालिमेरेन आओ यांचे चरित्र या बाबतीत मला फार मोलाचे वाटते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या फुटबॉल संघाचे नेतृत्व करणारा, बहुतांशी अनवाणी खेळणाऱ्या सोबत्यांसह फ्रान्सशी झुंजून अवघ्या एका गोलाने हरणारा हा नागा तरुण त्या काळी कलकत्त्यात वैद्यकीचा विद्यार्थी होता. मोहन बागानची कीर्ती पाठीशी असताना, १९५० साली पदवी हाती आल्यावर तो पुढे वडिलांची इच्छा शिरोधार्य मानून आपल्या डोंगरांत रुग्णसेवेसाठी परतला आणि पुढे नागालँडच्या आरोग्यसंचालकपदापर्यंत पोहोचला.

परंतु इतके दूर जाण्याचे तरी काय प्रयोजन? नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षकाच्या हुद्द्यावर असलेल्या विजय बारसे यांना एका पावसाळी दिवशी झोपडपट्टीतील काही मुले चिखलात फुटकी बादली लाथाडीत खेळताना दिसली. त्या वाटेने इतरही पुष्कळ लोक गेले असतील, आणि त्यांना तेथे केवळ उनाड पोरे दिसली असतील. पण ज्याने आयुष्य मैदानावर घालविले त्याच्या डोळ्यांना निसरड्या जमिनीवर सावरलेला तोल दिसतो, सोबती कोठे आहे हे न पाहताच त्याच्याकडे वळलेले पाऊल दिसते, आणि हे पाहता येणे हीच माझ्या मते खेळाडूची खरी विद्वत्ता होय. बारसे यांनी त्या मुलांना चेंडू दिला. २००१ साली त्यातूनच ‘झोपडपट्टी फुटबॉल’ ही संस्था उभी राहिली, आणि बेघरांच्या विश्वचषकात, जेथे एका बाजूला चारच खेळाडू असतात व सात सात मिनिटांच्या दोन डावांत निकाल लागतो, तेथवर ही मुले पोहोचली; नागपूरच्या वस्तीतला एक तरुण २०१० साली रिओ दि जानेरो येथे भारताचा कर्णधार झाला. २०१६ साली फिफाचा विविधता पुरस्कार या संस्थेला मिळाला. बारसे यांच्या या कार्यावर चित्रपट निघाला तो त्यानंतर, २०२२ साली.

चार खेळाडूंचा हा नियम आमच्याकडे फार उपयोगी पडेल असे मला वाटते, कारण रिसोड, मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातील लहान गावात अकरा-अकरा मुलांचे दोन संघ एका वेळी जमणे कठीण. पावसात आमची काळी माती पायाला धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा चेंडू कोठे उसळेल याचा भरवसा नसतो; पण सोयाबीन निघून हरभऱ्याची पेरणी व्हावयाची असते त्या दिवसांत गावालगतची वावरे मोकळी असतात. त्याच सुमारास दिवाळीच्या सुटीत अमरावती-नागपूरला शिकणारी आमची मुले घरी येतात, आणि त्यांच्यातील कित्येक जण महाविद्यालयाच्या संघातून खेळलेले असतात.