हवेचे इनाम

म्हैसूरच्या अग्रहार भागात राहावयास आलो, तेव्हा या नावाने अर्थशास्त्रातील एक जुना धडा आठवला. अग्रहार म्हणजे राजाने विद्वान ब्राह्मणांना दान दिलेली करमुक्त वसाहत. आपल्याकडील इनामाचाच एक प्रकार. कारखानदारीलाही असेच एक इनाम मिळाले होते, ते हवेचे. धुराड्यातून किती वायू सोडला, याचा कर दीर्घकाळ कुणी मागितलाच नाही.

दुसऱ्यास होणाऱ्या हानीची किंमत हानी करणाऱ्याच्या हिशोबात यावी, हा विचार अर्थतज्ज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच मांडला होता. मुंबईच्या महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने २०१६ मध्ये असा कर जणू स्वतःवरच बसवला: कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक टनामागे १० डॉलर. गुंतवणुकीचे निर्णय घेताना ही अंतर्गत किंमत विचारात घ्यावयाची.

आकडे मांडले, तर ही किंमत किरकोळ दिसते. एक लाख युनिट वीज वाचवली, तर युनिटमागे सुमारे ०.७ किलो या हिशोबाने ७० टन उत्सर्जन टळते. त्याचे मोल ७०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या विनिमयदराने सुमारे ४७ हजार रुपये. युनिटला ७ रुपये धरले, तर वीजबिलातील बचत मात्र ७ लाखांची! मग ७ लाखांच्या लोभाने जे होत नाही, ते ४७ हजारांनी कसे व्हावे?

याचे उत्तर मला अर्थशास्त्राने नव्हे, नोकरीने दिले. पूर्वी एका कार्यालयात जनरेटरचे डिझेल ‘किरकोळ खर्चा’त दाखवले जात असे. त्या बिलांवर मीच सही करीत असे. प्रश्न मात्र कधी विचारला नव्हता. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप आला, डिझेलला स्वतंत्र लेखाशीर्ष मिळाले आणि दरमहा खुलासा देण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर आली. काही महिन्यांतच खप उतरला. डिझेल स्वस्त झाले नव्हते की महागही. फक्त त्याला एक रकाना आणि एक जबाबदार माणूस मिळाला होता. टनामागील १० डॉलरचे खरे काम मला हेच वाटते.

अर्थात हे इनाम अद्याप पुरते खालसा झालेले नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये अधिसूचित केलेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत उद्योगांना लक्ष्य दिले जाते ते उत्पादनाच्या एककामागील उत्सर्जनाचे. उत्पादन वाढले, तर एकूण उत्सर्जन वाढूही शकते. शिवाय वाहने व ट्रॅक्टर बनवणाऱ्या उद्योगाचा मोठा धूर कारखान्यात नव्हे, तर विकलेल्या यंत्रांतून वर्षानुवर्षे रस्त्यांवर आणि शेतांत निघत असतो. त्याचे लेखाशीर्ष कुणाच्या वहीत उघडावयाचे? उत्पादकाच्या, ग्राहकाच्या की सरकारच्या? जोवर हे ठरत नाही, तोवर तो धूर ‘किरकोळ खर्चा’तच जाणार, आणि अशा बिलांवर किती सहजपणे सही होते, हे मी अनुभवाने जाणतो.