दुसरी प्रत

तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने १९०५ साली म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाच्या स्वाधीन ताडपत्रांची एक पोथी केली. आधुनिक अभ्यासकांना तोवर केवळ अवतरणांतून परिचित असलेले कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ तीत होते. ग्रंथपाल शामशास्त्री यांनी ते १९०९ मध्ये छापून सिद्ध केले. पुढे आणखी प्रती हाती आल्या, म्हणूनच र. पं. कंगले यांची मुंबई विद्यापीठाने १९६० साली प्रकाशित केलेली चिकित्सक आवृत्ती शक्य झाली. पानांना कसर लागण्यापूर्वी नव्या पत्रांवर नक्कल उतरणारे ते लेखनिक मात्र अनामिकच राहिले!

आजचा संशोधक आयुष्यभराची टिपणे संगणकाच्या एकाच तबकडीत ठेवून निश्चिंत असतो. कसर निदान भोके पाडून इशारा देते. तबकडी पुष्कळदा एका क्षणात मुकी होते. दुसरी प्रत करून ती दुसऱ्या घरी ठेवण्याचे काम तो येत्या रविवारवर ढकलतो.